दोरीचं शेपूट

हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मागाहून तक्रार नको. पण आठ डोकी मोजली, आठच्या आठ भरली, आणि तरीही एक पोरगं हरवलं, असं एका गुरुवारी भर सकाळी, लख्ख उन्हात, एका बागेत घडलं. मोजणाऱ्याचं गणित कच्चं होतं म्हणावं, तर तसंही नाही. आठपर्यंत मोजण्यात त्याचा हात धरणारा माणूस सात गावांत नव्हता. बत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

हा मोजणारा म्हणजे लिफ्टआजोबा. एका नऊ मजली कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं लिफ्ट चालवली. लिफ्टमध्ये पाटी होती, 'फक्त आठ माणसे'. आठ डोकी आत आली की दार बंद. नववं डोकं मोठ्या साहेबांचं असलं तरी बाहेर. चेहरे बघायची आजोबांना सवयच नव्हती. लिफ्टमध्ये शिरलेला माणूस शिरल्याबरोबर दाराकडे तोंड करतो आणि आजोबांच्या वाट्याला फक्त डोक्याची मागची बाजू येते. टक्कल, शेंडी, आंबाडा, टोपी, काही असो, डोकं ते डोकं.

एका चौकोनी डब्यात जन्म वरखाली गेला, म्हणून असेल, पण त्यांच्या गोष्टी मात्र लांबलांबच्या असायच्या. जो माणूस सलग तीन दिवस घराबाहेर राहिला नव्हता, त्याने म्हणे देवमाशाच्या पाठीवर स्टोव्ह पेटवून चहा केला होता. माशाला वास आवडला म्हणून त्यालाही बशीतून दिला होता. "बशी केवढी होती?" असं कुणी विचारलं की आजोबांच्या डोळ्यांत दिवे लागत.

त्यांची सून घराच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवायची. दोन खोल्या, एक पडवी, भिंतीला ओळीने आठ खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एक पिवळी टोपी. मुलं तिला मावशी म्हणत, आजोबा सूनबाई म्हणत, आणि दोघांचंही तिच्यापुढे फारसं चालत नसे. आठाच्या वर नववं मूल ती घेत नसे. या एका गोष्टीसाठी आजोबांना तिच्याबद्दल अपार आदर होता.

सूनबाईचा एक कायदा होता: हातातून सुटतं ते बांधायचं. ओरडायचं नाही, शिक्षा करायची नाही, बांधायचं. पाण्याची बाटली दोनदा पडली की तिला पट्टा लागून ती गळ्यात जायची. रुमाल हरवला की पिनेने खांद्यावर. एका मुलीची बाहुली सारखी कुठेतरी राहायची, ती आता तिच्या कमरेला रिबिनीने लटकत असे. सूनबाईचा स्वतःचा चष्माही गोफात होता, म्हणजे कायदा सगळ्यांना सारखा.

त्या बाहुलीवाल्या मुलीला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. वय साडेचार. कुणाचा बूट उलट्या पायात आहे, कुणी दूध कुंडीत ओतलं, कुणी झोपल्याचं सोंग केलंय, हे तिला पडवीतून दिसायचं.

दर गुरुवारी सकाळी ही वरात बागेत निघायची. एक लांब दोरी, तिला ठराविक अंतरावर आठ लाकडी कड्या. प्रत्येक मुलाची कडी ठरलेली. दोरीचं तोंड सूनबाईच्या हातात आणि शेपूट आजोबांच्या.

"तोंड सुटलं तर मला दिसेल, बाबा," सूनबाई दर गुरुवारी सांगायची, "पण शेपटीच्या मागे बघणारं कुणी नाही. तेवढं सोडू नका."

"अगं, बत्तीस वर्षं नऊ मजले तोलले या हाताने," आजोबा म्हणायचे, "दोरीचं काय घेऊन बसलीस?"

शेपटीजवळची कडी कापसाची. कापूस म्हणजे तीन वर्षांचा, पांढुरक्या पिंजारलेल्या केसांचा, कायम नाक वाहणारा मुलगा. चार महिन्यांत पाळणाघरात त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. घरी पोपटासारखा बोलतो, असं त्याची आई शपथेवर सांगायची. इथे मात्र तो नुसता बघायचा. आजोबांना तो फार आवडायचा. इतका चांगला श्रोता त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

तर त्या गुरुवारी खेळ संपला, निघायची वेळ झाली आणि नेमका एकीचा गुडघा घसरगुंडीच्या पायथ्याशी फुटला. रक्त थेंबभर, पण भोंगा असा की बागेतली कबुतरं उडून गेली ती दोन दिवस परतली नाहीत. सूनबाईने दोरीचं तोंड बाकाला बांधलं.

"बाबा, मी नळावर आहे. सगळ्यांना कड्या धरून उभं करा. मी आले की मोजा. आणि शेपूट..."

"सोडत नाही. जा तू."

नळ होता वीस पावलांवर. आजोबांनी सात मुलं कड्यांना लावली. पण उभं राहणं हे मुलांचं काम नव्हे. एकाने कडी चावायला घेतली, दुसऱ्याने कडीतून डोकं घातलं. आता यांना जागेवर खिळवायचं तर एकच उपाय.

"कुणाचा विश्वास बसणार नाही," आजोबा म्हणाले, "पण या पलीकडच्या तळ्यात मी एकदा मासा धरला होता."

सगळी डोकी वळली. कडी चावणारं तोंडही थांबलं.

"केवढा?" इन्स्पेक्टरने विचारलं.

खरी पंचाईत इथे झाली. उंची एका हाताने दाखवता येते, पण लांबीला दोन हात लागतात. कुठल्याही थापाड्याला विचारा. आजोबांनी आधी प्रामाणिक प्रयत्न केला. एक हात लांब केला आणि दुसरं टोक हनुवटीने दाखवलं.

"म्हणजे हनुवटीपासून?" इन्स्पेक्टर म्हणाली. "एवढासाच?"

एवढासाच! तेव्हा आजोबांनी शेपूट खाली ठेवून त्यावर बुटाची टाच दाबली. पायाखाली काय आणि हातात काय, सारखंच. मग दोन्ही हात पसरले. मासा हातांत मावेना. कसा मावेल? तो तर अजून कल्ल्यापर्यंतच आला होता. मग माशाचं डोकं घसरगुंडीपाशी ठेवून आजोबा त्याच्या पाठीवरून चालत निघाले. एक पाऊल, दोन पावलं, पंख इथे, पोट इथे, पोटात गिळलेली सायकल इथे, आणि शेपटी थेट त्या दिव्याच्या खांबापाशी. बारा पावलांचा मासा! माशाच्या शेपटीपाशी उभं राहून त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा सगळ्या टोप्या त्यांच्याकडे लागलेल्या होत्या आणि दोरीचं शेपूट गवतात पडलं होतं. लगबगीने परत येऊन त्यांनी ते उचललं. कुणाला कळलंही नाही.

तेवढ्यात सूनबाई गुडघ्यावर पट्टी लावलेल्या मुलीला घेऊन आली.

"मोजले, बाबा?"

आजोबांनी मोजले. आठ टोप्या, आठ कड्या. "आठ! दार बंद!" त्यांनी आरोळी ठोकली आणि वरात निघाली.

वाटेत शेपटीजवळून आवाज आला, "मग त्या माशाचं काय झालं?"

आजोबा जागच्या जागी उडाले. खाली पिवळी टोपी, शेवटची कडी. कापूस बोलला होता!

"सूनबाई!" ते ओरडले. "अगं, कापूस बोलला!"

"काय सांगता!" समोरून एक माणूस भलामोठा कुत्रा घेऊन येत होता, म्हणून सूनबाईची नजर पुढेच होती. "काय म्हणाला?"

"अख्खं वाक्य! प्रश्नचिन्हासकट!"

"आणि सायकल कुणाची होती?" टोपीने विचारलं.

आजोबांचा ऊर भरून आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलेल हळूहळू. पण औषध ना पाणी, एका माशाने मुक्याला वाचा फुटली. संध्याकाळी याच्या आईला हे कसं सांगायचं, त्याची जुळवाजुळव ते मनातल्या मनात करू लागले. मुक्याचं वय त्यांनी तीनवरून पाच केलंसुद्धा.

फाटकापाशी मात्र सूनबाईचा दुसरा कायदा होता. रस्त्यावर पाऊल टाकण्याआधी नावानिशी हजेरी. एकेक जण 'आहे' म्हणत गेला. इन्स्पेक्टर 'आहे' म्हणाली.

"कापूस?"

"आहे!" नेहमीप्रमाणे आजोबांनीच ओ दिली.

इन्स्पेक्टरने मागे वळून पाहिलं. खाली वाकून टोपीच्या आत पाहिलं. "हा कापूस नाही."

"अगं, टोपी बघ की," आजोबा म्हणाले.

"टोपी कापसाचीच आहे. आत दुसराच आहे. याचं नाक कोरडं आहे."

आजोबांनी टोपी उचलली. खाली तेल लावून चापून बसवलेले काळेभोर केस, मधोमध भांग आणि पुढचे दोन दात गायब.

"तू कोण रे?"

"मी नातू," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"आजीचा. टोपी त्याने मला दिली. मी त्याला बादली दिली."

सूनबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आजोबांना वाटलं. तिने फाटकापाशी पाणी घालणाऱ्या माळ्याला हाक मारली, "काका, फाटक लावून घ्या. लहान मुलगा एकटा आला तर सोडू नका." मग मुलांना म्हणाली, "सगळ्यांनी कड्या धरून खाली बसायचं. गोल." आणि मग आजोबांकडे वळून, अगदी हळू आवाजात, "बाबा, शेपूट कुठे सुटलं?"

"सुटलं असं नाही गं..."

"बाबा."

"घसरगुंडीपाशी."

"जा. तळ्यावरून जा. आधी पाणी बघा."

आजोबा धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस, बत्तीस वर्षं स्टुलावर बसलेला, पण असे धावले की बाकांवर पेपर वाचणाऱ्यांचे पेपर उलटले. धावता धावता त्यांना लिफ्ट आठवली. एकदा वीज गेली आणि लिफ्ट पाचव्या-सहाव्या मजल्यांच्या मधोमध अडकली होती, तेव्हाही असंच झालं होतं. वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही, आणि आत कुणीतरी लहान मूल रडत होतं. इथे तर रडण्याचाही आवाज नव्हता. कापूस हाक मारणार नव्हता. तो हाक मारतच नसे.

तळ्याला कठडा होता, पण कमरेएवढाच, आणि गजांमधून एखादं तीन वर्षांचं अंग सहज निघालं असतं. पाण्यात काहीतरी पिवळं तरंगत होतं.

आजोबांचा एक पाय कठड्यावरून पलीकडे गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कापसाची टोपी आपल्याच मुठीत आहे. ते पिवळं म्हणजे फुटका फुगा होता. त्यांनी पाय परत घेतला. त्या क्षणी बारा पावलांचा मासा त्यांच्या डोळ्यांपुढे वीतभरही उरला नव्हता.

तळ्याच्या पलीकडच्या बाकावर एक आजीबाई विणत बसल्या होत्या. चष्मा असा जाड की त्यातून चंद्रावरचे खड्डे मोजावेत, पण तो कपाळावर चढवलेला. एका हाताने त्या शेजारच्या मुलाला संत्र्याची फोड भरवत होत्या.

"घे, शहाणं बाळ ते," त्या म्हणत होत्या. "आज किती गुणी झालाय! रोज नुसती टकळी चालू असते."

शेजारी मांडीवर लाल बादली घेऊन कापूस बसला होता, तोंडात फोड, नाक वाहतंय.

आजोबा धापा टाकत तळ्याला वळसा घालून बाकापाशी आले. "आजीबाई, हा नातू आमचा आहे."

"वा, वा! तयार नातू हवाय! जा, आपल्या घरी शोधा."

"चष्मा खाली घ्या आणि बघा."

आजीबाईंनी चष्मा नाकावर आणला. "अगं बाई! हा कोण? आणि मी याला अर्धं संत्रं चारलं!" मग हातातली सुई गळून पडली. "माझा कुठाय? अहो, माझा कुठाय?"

"फाटकापाशी, आमच्या सुनेजवळ. अगदी सुखरूप. तिथे सगळ्यांची चौकशी करतोय."

आजीबाई उठल्या त्या थेट पळाल्या, पदरात अडकलेला लोकरीचा गुंडा मागे उलगडत गेला आणि फाटकापर्यंत निळी रेघ ओढली गेली. ती रेघ माळ्याला पुढे आठवडाभर झुडपांमधून निघत होती.

आजोबांनी कापसाला उचललं. दोन्ही हातांनी. कापसाने लाल बादली त्यांच्या नाकापुढे धरली आणि आत बोट दाखवलं. आत बोटभर पाणी होतं. हिरवट, तळ्याचं. मासा नव्हता.

तेव्हा आजोबांना कळलं की हा कुठे गेला होता, आणि काय धरायला. त्यांनी बादलीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. रस्ताभर कापूस त्यांच्या कडेवरच होता आणि आजोबांनी एकही गोष्ट सांगितली नाही. असा गुरुवार पूर्वी कधी उजाडला नव्हता.

दुपारी मुलं झोपली तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरात मटारची टोपली पुढे घेऊन बसली होती.

"सात मिनिटं, बाबा. मी घड्याळ बघत होते."

"सापडला ना पण."

"आजी चांगली होती म्हणून सापडला." तिने एक शेंग फोडली. "चूक माझीही आहे. मी तुम्हाला मोजायला सांगितलं, नावं मी तिथेच घ्यायला हवी होती. ते मी सहा वाजता सगळ्या आईबाबांना सांगणार आहे. शेपटीचं तुम्ही सांगायचं. सरळ. मासा नको, सायकल नको."

"आणि त्यांनी मुलं बागेत पाठवणं बंद केलं तर?"

"खरं ऐकून बंद केलं तर त्यांचा हक्क आहे. पण आपण खोटं बोललो आणि नंतर कळलं, तर बाग राहू दे, पाळणाघरच बंद होईल." तिने टोपली त्यांच्याकडे सरकवली. "सरळ सांगितलंत तर पुढच्या गुरुवारी शेपूट तुमच्याच हातात. नाहीतर दर गुरुवारी तुम्ही घरी, आणि ही टोपली."

आजोबांनी टोपलीकडे पाहिलं. मटारला लांबी नसते. मटारची गोष्ट होत नाही.

सहा वाजता पडवी भरली. पिशव्या, डबे, बूट. सूनबाईने आपला भाग चार वाक्यांत सांगितला. काय घडलं, किती वेळ, कापूस कुठे आणि कुणाजवळ सापडला, आणि आपण निघताना नावं कशी घेतली नाहीत. मग ती बाजूला झाली. "पुढचं बाबा सांगतील."

"आज बागेत," आजोबांनी सुरुवात केली, "मी दोरीच्या मागे होतो. मुलं उभी होती." इथपर्यंत सगळं सरळ होतं.

कापसाच्या आईचे हात पिशवीची चेन ओढता ओढता थांबले होते. ती औषधांच्या दुकानात काम करायची, अजून अंगावर तिथला पांढरा डगला होता. तिने कापसाला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आजोबांकडे पाहू लागली. कुणी काही बोलेना. ती शांतता आजोबांना चांगली ओळखीची होती. दार बंद झाल्यावर लिफ्टमध्ये पसरते, ती. बत्तीस वर्षं त्यांनी ती निमूट ऐकली होती आणि म्हणूनच तर त्यांना गोष्टी सुचायला लागल्या होत्या.

"कुणाचा विश्वास बसणार नाही," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण त्या तळ्यात एक मासा आहे..."

सूनबाईने डोळे मिटले.

मासा निघाला. सकाळी बारा पावलांचा होता, आता पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाला. एका बाबांनी हसू दाबलं. एका आईने पिशवी खाली ठेवली. कापसाच्या आईच्या कपाळावरची आठीसुद्धा किंचित सैल झाली आणि ती सैल होताना बघून आजोबांना चेव आला. माशाने शेपटी आपटली, लाट उसळली, लाटेने कापसाला अलगद उचलून आजीबाईंच्या बाकावर ठेवलं. "पण दोरीचं शेपूट!" आजोबांनी मूठ वर केली. "सगळी बाग हलली, मी हललो, पण शेपूट या मुठीतून एक क्षण, एक क्षणसुद्धा..."

मूठ वर राहिली. समोर कापूस आईच्या पायाशी उभा होता आणि त्या मुठीकडे टक लावून बघत होता. आजोबांचा आवाज जरा खाली आला.

"...सुटलं नाही," ते म्हणाले.

सूनबाईने मटारची टोपली उचलली आणि आवाज न करता त्यांच्या पायाशी आणून ठेवली.

"खोटं!"

पडवीतलं प्रत्येक डोकं वळलं. इन्स्पेक्टर आपल्या बाबांचा हात सोडून मधोमध आली होती, कमरेला बाहुली लटकत होती.

"मासा खरा आहे," ती सगळ्यांना समजावत म्हणाली, "तो मी पाहिला. सायकलपण होती. पण दोरी तुम्ही सोडली होती, आजोबा. आधी पायाखाली ठेवली आणि मग पायपण उचलला." आजोबांनी मासा कसा दाखवला ते तिने दोन्ही हात ताणून करून दाखवलं आणि सूनबाईकडे वळली. "मावशी, हातातून सुटतं ते बांधायचं ना? मग आजोबांना बांधा!"